भरताचे नऊ पुत्र

राजाच्या घरांतील गोष्ट सामान्य संसारी माणसास इतकी प्रिय कां असावी, हा प्रश्न वरवर दिसतो तितका सोपा नाहीं. १९५० सालच्या २६ जानेवारीपासून आपल्या देशांत प्रजासत्ताक राज्य आहे. घटनेच्या १८ व्या कलमानें किताब देण्याची प्रथा बंद केली. १९७१ सालीं २६ व्या घटनादुरुस्तीनें संस्थानिकांचे तनखे आणि त्यांची राजमान्यता हीं दोन्हीही गेलीं. कायद्याच्या दृष्टीनें राजा उरला नाहीं. तथापि दिवेलागण झाली म्हणजे घरोघर दूरचित्रवाणीच्या पडद्यावर राजवाड्याचा दरवाजा उघडतोच, आणि आपले शासनकर्ते आपल्या मतानें निवडणारीं कुटुंबें कोणा राजकुमाराचा हक्क बुडाला म्हणून हळहळत बसतात. ह्याला केवळ वेडेपणा म्हणून चालावयाचें नाहीं. राजवाड्यांतील तंटा हा बहुधा आपल्याच घरांतील तंटा असतो. माणसांच्या अंगावर दागिने अधिक असतात एवढेंच. वारस कोण, वडिलांचें मन कोणाकडे, थोरल्याचा मान किती आणि धाकट्याचा गुण किती, हे प्रश्न दोन खोल्यांच्या बिऱ्हाडांतही असतात. राजाच्या गोष्टींत ते मोठ्या अक्षरांत लिहिलेले असतात, म्हणून दुरून वाचतां येतात.

अशा मालिकांचे आरंभ आम्हीं पुष्कळ पाहिले. बहुतेकांच्या पहिल्या भागांत एखादें लग्न, एखादी मिरवणूक किंवा एखादें विषप्रयोगाचें कारस्थान असतें. परंतु एका मालिकेच्या पहिल्याच भागांत एक नैतिक प्रश्न इतक्या उघडपणें मांडला गेला कीं, तो अजून आमच्या मनांतून जात नाहीं. ती मालिका म्हणजे बी. आर. चोप्रा यांचें ‘महाभारत’. तिचा पहिला भाग १९८८ सालच्या २ ऑक्टोबरला, रविवारीं सकाळीं, दूरदर्शनवर दाखविला गेला. संवाद राही मासूम रझा यांचे होते. त्या वेळीं रविवारीं सकाळीं रस्ते कसे ओस पडत, ज्यांच्या घरीं यंत्र होतें त्यांच्या ओसरीवर शेजारपाजारचीं मुलेंमाणसें कशीं दाटीनें बसत, हें आमच्या वयाच्या वाचकांस सांगावयास नको. पुढें २०२० सालच्या मार्चमध्यें साथीमुळें सारा देश घरांत कोंडला गेला, तेव्हां तीच मालिका पुन्हां दाखविण्यांत आली, आणि आम्हीं ती ह्या खेपेस घरांतील तीन पिढ्यांसह पाहिली. पहिल्या वेळीं जें नुसतें डोळ्यांनीं पाहिलें होतें, तें दुसऱ्या वेळीं मनाला लागलें. कां लागलें, हें सांगण्यासाठींच हा लेख आहे.

पहिल्या भागाची योजना मोठी मार्मिक आहे. कथा सांगणारा कोणी ऋषि किंवा सूत नाहीं; प्रत्यक्ष काळच बोलतो. तो कुरुक्षेत्रापासून आरंभ करीत नाहीं, कीं शंतनूपासूनही करीत नाहीं. तो मागें जातो तो दुष्यंत-शकुंतलेच्या पुत्रापर्यंत, ज्याच्या नांवानें हा देश ओळखला जातो त्या भरतापर्यंत. भरत दिग्विजय करून परतला आहे. राजधानींत आनंद आहे. आतां तो आपला युवराज कोण हें सांगणार, अशी सर्वांची अपेक्षा आहे. त्याला नऊ पुत्र. सभा भरते. भरत म्हणतो, राजाचीं कर्तव्यें तीन : देशाला व प्रजेला न्याय देणें, त्यांचें रक्षण करणें, आणि हीं दोन कामें पुढें चालवील असा युवराज देणें. हे गुण आपल्या एकाही पुत्राच्या ठायीं आपणांस दिसत नाहींत, असें सांगून तो भरद्वाजपुत्र भुमन्यूस पुत्र मानून युवराज करतो. माता शकुंतला त्याला जाब विचारते. स्वतःच्या पोटच्या पोरांचा अधिकार परक्याला द्यावयाचा, हें कोणत्या आजीला रुचेल? परंतु भरत ढळत नाहीं. देशापेक्षां व प्रजेपेक्षां राजा मोठा नाहीं, हें त्याचें उत्तर. काळपुरुषाच्या मतें येथें जन्मावर कर्माचा विजय झाला; पुढें ह्याच कुळांत कर्मावर जन्माचा विजय झाला, आणि त्यांतूनच महाभारत घडलें.

आमच्या घरीं हा प्रसंग संपतांच एकमुखानें वाहवा झाली. आम्ही स्वतः तर खुर्चीवरून उठून नातवंडांस दोन शब्द सांगण्याचा मोहही आवरूं शकलों नाहीं. गुण हाच खरा अधिकार, जन्म हा केवळ अपघात, वगैरे वगैरे. आमचें व्याख्यान संपल्यावर आमच्या कुटुंबानें चहाचे पेले गोळा करतां करतां एवढेंच म्हटलें, “भरत टीव्हीवर बरा वाटतो. आपल्या घरांत असता तर तुम्हीच त्याच्याशीं बोलणें टाकलें असतें.” आम्हीं तें हंसण्यावारी नेलें. पण त्या वाक्याचा कांटा राहिला तो राहिलाच.

तो कांटा काढण्यासाठीं आम्हीं प्रथम मूळ ग्रंथाकडे धांव घेतली. मनाला बोंचणारी गोष्ट टाळावयाची झाली म्हणजे सुशिक्षित माणूस नेहमीं ग्रंथाकडे धांव घेतो. आदिपर्वांत ही कथा दोन-चार श्लोकांतच आटोपली आहे. भरताला तीन स्त्रियांपासून नऊ पुत्र झाले. ‘हे मला अनुरूप नाहींत’ असें वाटून राजानें त्यांचें अभिनंदन केलें नाहीं. नंतर मोठमोठे यज्ञ करून त्यानें भरद्वाजापासून भुमन्यु नांवाचा पुत्र मिळविला व त्यास यौवराज्याभिषेक केला. येथपर्यंत पडद्यावरील कथेशीं मेळ बसतो. परंतु प्रचलित पाठांत मध्येंच आणखी एक गोष्ट आहे, आणि ती वाचून आमच्या अंगावर कांटा आला : राजानें नापसंत केलेल्या त्या नऊ पुत्रांना त्यांच्या मातांनींच क्रोधानें यमसदनास धाडलें. भागवताच्या नवव्या स्कंधांत ही कथा पुन्हां येते. तेथें त्या राण्या विदर्भ देशाच्या आहेत, आणि पुत्र बापासारखे नाहींत असें राजा म्हणाला तेव्हां, आतां हा आपला त्याग करील ह्या भीतीनें त्या पुत्रांस मारतात. गंमत अशी कीं, आदिपर्वांतच पुढें जो गद्य वंशवृत्तान्त आहे त्यांत भुमन्यु हा भरताचाच, काशीच्या राजकन्येच्या, सुनंदेच्या पोटीं झालेला औरस पुत्र म्हणून दिला आहे! म्हणजे ज्या एका नांवावर जन्म-कर्माचा सगळा सिद्धांत उभा आहे, तेंही एका परंपरेनें पुन्हां जन्माच्या खात्यांत जमा करून टाकलें आहे.

मालिकाकारांनीं नऊ मुलांचा मृत्यु गाळला, ह्याबद्दल आम्ही त्यांस दोष देत नाहीं. प्रत्येक काळ जुनी कथा आपल्या गरजेप्रमाणें सांगतो, आणि प्रजासत्ताकांतील कुटुंबांना रविवारच्या सकाळीं कोणता भरत दाखवावा, हें त्यांनीं नीट ओळखलें होतें. परंतु वगळलेला भाग हा बहुधा प्रश्नाचा अवघड भाग असतो. भरताचा निर्णय योग्य होता असें म्हणतांना आपण त्या नऊ जणांकडे पाठ फिरवूनच म्हणतों. त्यांचें पुढें काय झालें, हें पडद्यावर कोणी विचारीत नाहीं. आणि ‘अनुरूप’ ह्या शब्दाचाही छडा लावला पाहिजे. राज्यास अनुरूप नाहींत, असें म्हणणें वेगळें. ‘मला’ अनुरूप नाहींत, असें म्हणणें वेगळें. पहिलें न्यायाधीशाचें वाक्य आहे. दुसरें आरशांत पाहणाऱ्या बापाचें आहे. जुन्या ग्रंथांत दुसरें वाक्य आहे. मालिकेनें त्याचें पहिलें केलें. हा फरक लक्षांत ठेवावा. पुढें त्याचें काम पडणार आहे.

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. अधिकार जन्मानें मिळावा कीं गुणानें? आजचा कोणताही शाळकरी मुलगा ‘गुणानें’ असें उत्तर देईल. तथापि पूर्वपक्ष दुबळा समजणें हें विचार न करण्याचेंच लक्षण होय. जन्माच्या बाजूनें बोलणारा म्हणेल : गुण हा वादाचा विषय आहे, जन्म हा वादाचा विषय नाहीं. थोरला कोण, हें सुईण सांगते. शहाणा कोण, हें सांगण्यास सैन्यें लागतात. औरंगजेब वारला तेव्हां १७०७ सालीं त्याच्या पुत्रांत रणें माजलीं. शाहू सुटून दक्षिणेंत आला तेव्हां ताराबाईचा पक्ष आणि त्याचा पक्ष यांत मराठ्यांचें रक्त मराठ्यांनींच सांडलें. प्रत्येक पक्षाजवळ आपल्या धन्याच्या गुणांची यादी तयार होतीच. म्हणून नियम एकच ठेवावा, थोरल्यास गादी द्यावी, आणि प्रजेला निदान झोंप तरी लागूं द्यावी. ह्या म्हणण्यांत तथ्य नाहीं असें कोण म्हणेल?

आणि महाभारताचीच साक्ष काढावयाची तर ती काळपुरुषाच्या म्हणण्याइतकी सरळ नाहीं. ह्या कुळांत जन्माचा नियम एकट्या भरतानेंच मोडला असें नव्हे. त्याच्या किती तरी आधीं ययातीनें थोरल्या यदूस डावलून धाकट्या पुरूस राज्य दिलें. त्या वेळीं प्रजेनें येऊन कारण विचारलें, ययातीनें तें सांगितलें, आणि मग प्रजेनें संमति दिली. पुढें प्रतीपाचा थोरला मुलगा देवापि लोकांना प्रिय होता. पण त्याला त्वचेचा रोग, म्हणून ब्राह्मणांनीं व वृद्धांनीं त्याचा अभिषेक होऊं दिला नाहीं, आणि शंतनु राजा झाला. पुढें धृतराष्ट्र थोरला असून अंध म्हणून राहिला व पंडु राजा झाला. ह्या चारही वेळीं जन्म बाजूस सारला गेला. परंतु चारही वेळीं कारणें निराळीं : एकदां आज्ञाधारकपणा, एकदां अनुरूपता, दोनदां शरीराची धडधाकटी. नियम मोडण्याची संवय झाली. दुसरा नियम मात्र बसला नाहीं. म्हणून दुर्योधन उभा राहून विचारूं शकला कीं, माझा बाप थोरला, मी त्याचा थोरला, मग माझें काय? आणि युधिष्ठिराच्या बाजूचें उत्तरही पुष्कळ अंशीं जन्माचेंच होतें : पंडु राजा होता, त्याचा हा ज्येष्ठ पुत्र, आणि वयानेंही दुर्योधनाहून वडील. आमच्या मतें कुरुक्षेत्र हा जन्म आणि कर्म यांचा सामना नव्हता. एकाच घरांत दोन नियम अर्धे अर्धे चालले, आणि प्रत्येकानें आपल्या सोयीचा अर्धा भाग उचलला, त्याचा तो परिणाम होता.

खरी कसोटी पाहावयाची असेल तर ती विदुराजवळ पाहावी. आदिपर्वांत एकाच श्लोकांत तिन्ही भावांचा निकाल लागला आहे : धृतराष्ट्राला दृष्टि नाहीं म्हणून नाहीं, विदुर दासीपुत्र म्हणून नाहीं, म्हणून पंडु राजा. न्याय देणें आणि रक्षण करणें हीं राजाचीं कर्तव्यें असतील, तर त्या तिघांत न्याय जाणणारा कोण होता, हें साऱ्या हस्तिनापुरास ठाऊक होतें. सर्वजण रात्रीं अपरात्रीं त्याचा सल्ला घेत. पण त्याला सिंहासनावर बसवावें, असें स्वप्न भीष्मासही पडलें नाहीं. भरताचें तत्त्व भरताच्या वंशजांनीं शंतनूच्या वेळीं सोडलें असें म्हणतात. आम्हांस वाटतें, तें त्यांनीं पुरतें कधीं उचललेंच नव्हतें. राजकुळांतला राजकुळांत बदलणें त्यांस ठाऊक होतें. कुळाबाहेर पाहणें ठाऊक नव्हतें.

दुसरा आक्षेप ह्याहूनही कठीण आहे. गुणाची परीक्षा करणार कोण? भरताच्या सभेंत परीक्षक एकच होता, तो स्वतः. आज तो शहाणा होता म्हणून भुमन्यु निवडला गेला. उद्यां तोच अधिकार लहरी राजाच्या हातीं गेला तर? ‘प्रजेचें हित’ हे शब्द कोणाच्या तोंडीं शोभत नाहींत? आपल्याच इतिहासांत त्याचीं दोन्ही प्रकारचीं उदाहरणें आहेत. १८४८ सालीं सातारच्या महाराजांचा दत्तक नामंजूर करून डलहौसीनें राज्य खालसा केलें; १८५४ सालीं झांशीच्या गंगाधरराव नेवाळकरांच्या दत्तकाचीही तीच गत झाली. कंपनीच्या राज्यांत प्रजा अधिक सुखी राहील, ही भाषा तेव्हांही होतीच. उलट पक्षीं, १८७५ सालीं बडोद्याची गादी मोकळी झाली तेव्हां नाशिक जिल्ह्यांतील कवळाणें गांवच्या एका बारा वर्षांच्या शेतकऱ्याच्या मुलास जमनाबाईंनीं दत्तक घेतलें. त्यानें पुढें १९०६ सालीं आपल्या राज्यांत प्राथमिक शिक्षण सक्तीचें व मोफत केलें. सयाजीराव राजवाड्यांत जन्मले नव्हते, हें खरें. पण त्यांचा शोध गायकवाडांच्या भाऊबंदकींतच झाला होता, हेंही तितकेंच खरें. निवडीचें वर्तुळ जरा मोठें झालें होतें, एवढेंच.

ह्या आक्षेपाला खरें उत्तर दिलें तें आमच्याच प्रदेशांतील एका लहानशा संस्थानानें. औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनीं १९३९ सालीं महात्मा गांधींच्या सल्ल्यानें नवी घटना देऊन राज्यकारभार लोकांच्या हातीं सोंपविला. भरतानें अधिक चांगला वारस शोधला; पंतप्रतिनिधींनीं वारस शोधण्याचा हक्कच सोडला. भरताहून पुढचें पाऊल कोणतें, असें कोणीं विचारलें तर तें हें होय. गुणवान माणसास अधिकार द्यावा हें पुरेसें नाहीं. तो गुणवान आहे कीं नाहीं हें ज्यांच्यावर तो अधिकार चालणार त्यांनीं ठरवावें, आणि चुकलें तर त्यांसच तें फिरवितां यावें. जन्माच्या नियमांत जो एक गुण होता, म्हणजे रक्तपातावांचून वारस ठरणें, तो मतपेटीनें घेतला. आणि जो मोठा दोष होता, तो टाकण्याची सोय तरी करून ठेवली.

सोय करून ठेवली; ती वापरणें न वापरणें आपल्या हातीं. कायद्यानें राजघराणीं गेलीं, पण घराण्याचा मोह गेला नाहीं. वकिलाच्या मुलाकडे अशील आपोआप जातो, पुढाऱ्याच्या मुलाकडे मत जातें, संस्थापकाच्या मुलाकडे संस्था जाते. आपण त्यास ‘परंपरा’ असें गोड नांव देतों. आणि येथें आम्हांस दुसऱ्याकडे बोट दाखविणें थांबवून स्वतःविषयीं दोन गोष्टी सांगणें प्राप्त आहे. आमच्या कुटुंबाच्या त्या वाक्याचा रोख त्यांतील एकीवर होता. दुसरी तिच्याही लक्षांत नव्हती.

पहिली अशी. एका सार्वजनिक वाचनालयाच्या कार्यकारी मंडळावर आम्ही पुष्कळ वर्षें होतों. संस्थापक चिटणीस वारले. त्यांच्या हाताखालीं वीस वर्षें काम केलेले एक ग्रंथपाल होते. कोणतें पुस्तक कोणत्या कपाटांत आहे, कोणत्या वाचकाच्या घरीं आजारपण आहे म्हणून त्याचें पुस्तक पोंचतें करावयास हवें, हें सर्व त्यांस पाठ. संस्थापकांचे चिरंजीव सज्जन, पण वाचनालयांत फारसे फिरकलेले नव्हते. चिटणीस कोणास करावें हा प्रश्न आला. ग्रंथपालच योग्य, हें आम्हांस आंतून पक्कें ठाऊक होतें. सभेंत आम्हीं हात वर केला तो मात्र चिरंजीवांसाठीं. वडिलांचें ऋण, घराण्याचा मान, लोक काय म्हणतील. एक ना दोन, कारणें पुष्कळ होतीं. दोन वर्षांच्या आंत संध्याकाळचें वाचनकक्ष बंद झालें, आणि ग्रंथपाल कोणाविरुद्ध एक अक्षर न बोलतां निघून गेले. चिरंजीवांचा ह्यांत दोष नाहीं. न मागितलेलें ओझें आम्हींच त्यांच्या शिरावर ठेवलें होतें. दोष हात वर करणाऱ्यांचा होता, आणि त्यांत आमचा होता.

दुसरी गोष्ट सांगण्यास अधिक जड जाते. आमचे दोन मुलगे. थोरला अभ्यासांत हुषार. परीक्षा म्हटली कीं वरच्या अंकांत त्याचें नांव असावयाचें. धाकटा तसा नव्हता. त्याचे हात चांगले. मोडलेलें घड्याळ किंवा बंद पडलेला पंखा त्याच्याकडे गेला कीं चालूं व्हावयाचा. पण पुस्तक दिसलें कीं त्याचा चेहरा उतरे. एकदां घरीं पाहुणे आले असतां त्यांनीं कौतुकानें त्याची चौकशी केली. आम्हीं हंसत हंसत म्हटलें, “हा थोरल्यासारखा नाहीं, आमच्यावर गेलाच नाहीं.” तो पाण्याचे पेले घेऊन दारांतच उभा होता. त्यानें पेले ठेवले आणि तो आंत गेला. पुढें तो आपल्या हिंमतीवर उभा राहिला, आमच्याशीं प्रेमानेंही वागतो. पण त्या दिवसापासून त्यानें आपली एकही गोष्ट आपण होऊन आम्हांस सांगितली नाहीं. ‘मला अनुरूप नाहीं’ हे शब्द आम्हीं आदिपर्वांत वाचले, तेव्हां ते पूर्वीं कोठें तरी ऐकले आहेत असें वाटलें, आणि कोठें तें आठवतांच आम्हीं पुस्तक मिटलें.

ह्या दोन गोष्टी शेजारीं शेजारीं ठेवल्या म्हणजे आमची चूक कोणत्या जातीची होती तें उघड होतें. जेथें गुण पाहावयास हवा होता तेथें आम्हीं जन्म पाहिला. आणि जेथें नुसता जन्म पुरेसा होता तेथें आम्हीं गुणाची परीक्षा घेतली. वाचनालय आमचें नव्हतें. तें वाचकांचें होतें, आम्ही त्याचे विश्वस्त. मुलगा आमचा होता. त्याच्यावर माया करण्यास कोणताही दाखला लागावयास नको होता. आम्हीं विश्वस्ताच्या जागीं बाप होऊन वागलों, आणि बापाच्या जागीं परीक्षक होऊन बसलों. आमचा असा समज आहे कीं, ही चूक एकट्या आमचीच नाहीं. पुष्कळ सुशिक्षित घरांतून हीच अदलाबदल नित्य चाललेली असते.

यावरून जन्म-कर्माच्या वादाचा निकाल आम्हांस असा लागतांना दिसतो. जें आपलें स्वतःचें आहे तें प्रेमानें द्यावें. घर द्यावें, शेत द्यावें, आईच्या पाटल्या द्याव्या, आणि सर्वांत आधीं माया द्यावी. तेथें लायकी विचारणारा बाप कृपण होय. पण जें आपल्या हातीं दुसऱ्यांनीं ठेवलें आहे, मग तें राज्य असो, संस्था असो, कीं सभेंतील एक मत असो, तें प्रेमानें देण्याचा आपणांस अधिकारच नाहीं. कारण तें आपलें नव्हे. तेथें मायाळूपणा ही उधळपट्टी आहे, आणि तीही दुसऱ्याच्या पैशाची. भरताची थोरवी पुत्रांवर कठोर झाला ह्यांत नाहीं. राज्य ही आपली वस्तु नाहीं, एवढें त्याला कळलें, ह्यांत ती आहे. शंतनूची चूक ह्याच्या उलट झाली. गांगेय जन्मानें ज्येष्ठ आणि गुणानें श्रेष्ठ. दोन्ही नियम त्याच्याच बाजूनें. तरीही एका पित्याची इच्छा पुरी व्हावी म्हणून राज्याचा तो ठेवा सत्यवतीच्या लग्नांत देण्याघेण्याची वस्तु झाला. त्यागाचा गौरव पुत्राच्या वाट्यास आला. त्याची किंमत प्रजेनें चुकविली.

परंतु ह्या निकालानें भरतही पुरता सुटत नाहीं. राजा म्हणून त्यानें जें करावयास हवें होतें तें केलें. बाप म्हणून करावयाचें राहून गेलें. भर सभेंत नऊ मुलांना अपात्र ठरविण्यापूर्वीं त्यानें त्यांस एकांतीं बोलावून कांहीं सांगितलें काय? राज्य तुमचें नाहीं, पण मी तुमचा आहे, असें कोणीं तरी त्यांस म्हटलें काय? प्रचलित पाठांतील त्या भयंकर चरणाचा अर्थ आम्ही आतां असा लावतों : ज्या घरांत मुलाची किंमत म्हणजे त्याला मिळणारें सिंहासन, असें समीकरण एकदां बसलें, तेथें सिंहासन हुकल्यावर मुलाला जगण्यास जागाच उरत नाहीं. मग त्याला मारणारे हात आईचे असोत कीं कोणाचे. आज सिंहासनें नाहींत. पण परीक्षांचे निकाल आहेत, आणि त्या निकालाच्या दिवशीं किती घरांतून मुलें आईबापांच्या चेहऱ्याकडे कशा नजरेनें पाहत असतात, तें आम्हीं वाचकांस सांगावयास नको. जन्माचा गर्व दुष्ट खराच; पण गुणाच्या पूजेलाही नरबळी लागूं शकतो, हें गुणाचे पूजक विसरतात.

म्हणून प्रजासत्ताकांतील घराला दोन निरनिराळे दरवाजे असावे असें आम्हांस वाटतें. एक बाहेरचा, जेथें नातें बाजूस ठेवून लायकी पाहावयाची. एक आंतला, जेथें लायकी बाजूस ठेवून नातें पाहावयाचें. बाहेरच्या दारांतून मुलगा म्हणून कोणी शिरूं नये; आंतल्या दारांतून नापास म्हणून कोणी परत जाऊं नये. हें सांगण्यास सोपें आहे, आचरण्यास तितकेंच कठीण. कारण दोन्ही दारांशीं उभा राहणारा माणूस एकच असतो, आणि त्याला एकच हृदय असतें.

त्या पहिल्या भागाच्या पुनर्दर्शनानंतर आम्हीं आपल्या परीनें दोन गोष्टी केल्या. ग्रंथपालांचा पत्ता मिळवून त्यांस पत्र लिहिलें आणि आमचें मत कोणाकडे गेलें होतें तें स्वच्छ सांगितलें. त्यांचें उत्तर आलें. त्यांत त्या विषयाचा उल्लेख नव्हता. एका दुर्मिळ पुस्तकाची वाचनालयांतील प्रत वाळवीपासून जपावी, एवढी सूचना होती. दुसऱ्या गोष्टीसाठीं मात्र पत्र पुरणारें नव्हतें. धाकटा सुटींत घरीं आला तेव्हां आम्हीं आमचें जुनें, कित्येक वर्षें बंद पडलेलें भिंतीवरचें घड्याळ काढून त्याच्यापुढें ठेवलें आणि शेजारीं बसून राहिलों. किती वेळ तो कांहीं बोलला नाहीं. मग एक बारीक चाक चिमट्यानें उचलून त्यानें आम्हांस दाखविलें, आणि तें कशानें अडत होतें, हें आपण होऊन सांगूं लागला.